व्हिएटनामी निर्वासित कुटुंबांचे पुनर्मीलन

व्हिएटनाम युद्धानंतर देशत्याग करताना किंवा परदेशांत पुनर्वसन होताना ताटातूट झालेल्या कुटुंबीयांना एकत्र आणण्याचे आंतरराष्ट्रीय कार्य. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉनचा पाडाव झाला. त्या धावपळीत देश सोडणाऱ्या अनेकांचे आप्त मागे राहिले. पुढे १९७५ ते १९९५ या काळात सु. आठ लक्ष लोक होड्यांतून शेजारच्या देशांच्या किनाऱ्यांना लागले. सर्वांचा प्रवासखर्च झेपत नसल्याने पुष्कळदा कुटुंबातील एखादा मुलगाच पुढे धाडला जाई. छावण्यांतील निर्वासितांची निवड अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स इ. देश आपापल्या निकषांनुसार करीत. त्यामुळे पुनर्वसनानेही ताटातुटीत भर पडली.

पुनर्मीलनाची पहिली पायरी म्हणजे आप्तांचा शोध. रेडक्रॉसने छावण्यांत शोधकार्याची व पत्रव्यवहाराची सोय केली. दुसरा प्रश्न कुटुंबाच्या व्याख्येचा होता. निर्वासितविषयक १९५१ च्या परिषदेने कुटुंबाचे ऐक्य राखण्याची शिफारस केली होती. परंतु ती बंधनकारक नव्हती. आश्रयदात्या देशांचे कायदे मुख्यतः पतिपत्नी व अज्ञान मुले यांनाच प्राधान्य देत. व्हिएटनामी कुटुंबात मात्र आजीआजोबा आणि विवाहित भावंडेही मोडत. त्यामुळे नियमानुसार पुनर्मीलन झाले, तरी कुटुंब अपुरेच राही.

मायदेशातून बाहेर पडण्याची अनुमती ही तिसरी अडचण. ३० मे १९७९ रोजी संयुक्त राष्ट्रांचे निर्वासितविषयक उच्चायुक्तालय व व्हिएटनाम सरकार यांच्यात सुव्यवस्थित निर्गमन योजनेबाबत करार झाला. समुद्रातील जीवघेणा प्रवास टाळून आप्तांकडे जाण्याचा हा वैध मार्ग होता. मात्र अर्जदाराचे नाव व्हिएटनामच्या व स्वीकारणाऱ्या देशाच्या अशा दोन्ही याद्यांत असावे लागे आणि प्रारंभी त्यांत समान नावे फारच थोडी असत. अमेरिका व व्हिएटनाम यांच्यात १९९५ पर्यंत राजनैतिक संबंध नसल्याने उच्चायुक्तालयाची मध्यस्थी मोलाची ठरली. या योजनेखाली सहा लक्षांहून अधिक लोक परदेशी गेले. अमेरिकन पित्यांच्या मुलांसाठी १९८७ मध्ये अमेरिकेत स्वतंत्र कायदा झाला.

जून १९८९ मधील जिनीव्हा परिषदेने निर्वासितत्वाची छाननी सुरू केली. एकट्या आलेल्या मुलांसाठी खास समित्या नेमण्यात आल्या. मुलाला परदेशातील नातलगांकडे पाठवावे की व्हिएटनाममधील आईवडिलांकडे परत धाडावे, हे त्याचे हित पाहून ठरवावयाचे होते. ज्या मुलाला कुटुंबाच्या आशेने पुढे धाडले होते, त्याच्या बाबतीत पुनर्मीलनाचा अर्थ परतीचा प्रवास असाही होऊ लागला.