दहावीनंतर लेकराला हैदराबादला पाठवताय? मेडिकलच्या जागेचं गणित आधी समजून घ्या

अफझलगंज (हैदराबाद) : नांदेड-देगलूरकडून आलेली गाडी एमजीबीएसला सोडते. तिथून मुसी नदीच्या कडेनं थोडं चाललं की उस्मानिया दवाखान्याचे घुमट दिसायला लागतात. इथल्या ओपीडीच्या रांगेत तेलुगू आणि दख्खनीबरोबर मराठीही कानावर पडते. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या पट्ट्यातल्या माणसाला मोठं दुखणं आलं की आजही मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं वाटतं.

दहावीचा निकाल लागला की याच वाटेनं आणखी एक गर्दी येते. हातात गुणपत्रिका घेतलेली मुलं आणि त्यांचे आई-वडील. "पोरगं हुशार आहे, डॉक्टर करायचंय, हैदराबादला इंटरला टाकतो," हे वाक्य सीमाभागात नवं नाही. इथली शिकवणी चांगली असेलही. पण अकरावी-बारावी कोणत्या राज्यात केली, यावर पुढे मेडिकलच्या राज्य कोट्यातली जागा अवलंबून असते. ही गोष्ट बऱ्याच घरांत बारावीनंतर कळते आणि तेव्हा हातात काही राहत नाही.

नातं जुनं, नियम नवे

हैदराबादेत मेडिकल स्कूल सुरू झालं १८४६ मध्ये. तेच पुढे उस्मानिया मेडिकल कॉलेज झालं. अफझलगंजचा जुना दवाखाना १९०८ च्या मुसीच्या महापुरात गेला आणि त्यानंतर शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात आजची घुमटांची इमारत उभी राहिली. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. त्यामुळे आपल्याकडच्या मुलाला डॉक्टर व्हायचं तर हैदराबादची वाट ही घरचीच वाट होती.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. येणं-जाणं, सोयरीक, दवाखाना हे सगळं तसंच राहिलं. प्रवेशाचे नियम मात्र दोन राज्यांचे दोन झाले.

गणित नेमकं काय आहे?

एमबीबीएसला नीट परीक्षा देशभर एकच आहे. पेपर मराठीतूनही देता येतो आणि परीक्षा कुठल्याही राज्यातून दिली तरी गुण सारखेच धरले जातात. अडचण येते ती जागा वाटताना. राज्यांच्या सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, बाकीच्या ८५ टक्के त्या त्या राज्याच्या मुलांसाठी असतात.

या ८५ टक्क्यांसाठी महाराष्ट्राचा नियम असा : मुलाकडे महाराष्ट्राचं डोमिसाइल हवं, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून पास झालेली हवी. केंद्र सरकारच्या किंवा सैन्यातल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना ठरावीक अटींवर सवलत आहे. वादग्रस्त सीमाभागासाठीची सवलतही आहे, पण ती कर्नाटकातल्या गावांसाठी. तेलंगणाच्या बाजूला ती लागू नाही.

तेलंगणाचा नियम वेगळा : बारावीपर्यंतची सलग चार वर्षं, म्हणजे नववी ते बारावी, तेलंगणात शिकलेलं असेल तरच मूल 'लोकल'. या अटीवरून बरीच कोर्टकचेरी झाली. शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली.

आता समजा, देगलूरची एक मुलगी दहावी गावाकडे पास झाली आणि इंटर हैदराबादला केलं. बारावी महाराष्ट्रातली नाही, म्हणून महाराष्ट्राचा राज्य कोटा गेला. तेलंगणात दोनच वर्षं झाली, म्हणून तिथला कोटाही नाही. तिच्या हातात उरतात त्या अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा, एम्ससारख्या केंद्रीय संस्थांच्या जागा आणि मोठ्या फीची अभिमत विद्यापीठं. वर्गात पहिली आली तरी हे गणित बदलत नाही.

हीच गोष्ट उलटीही लागू होते. कोठी, बेगम बाजार, अफझलगंज भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत. त्यांच्या मुलांनी नववी ते बारावी इथंच केली तर ती तेलंगणात लोकल. मातृभाषा कुणी विचारत नाही. पण दहावीनंतर त्यांना 'लातूर पॅटर्न'च्या ओढीनं लातूरला पाठवलं, तर तेही दोन्हीकडून सुटतात.

आणखी एक. महाराष्ट्राचा जातीचा दाखला तेलंगणाच्या राज्य कोट्यात आरक्षणासाठी चालत नाही.

आपल्याकडे आता काय आहे?

पूर्वी महाराष्ट्रात ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता आणि मराठवाड्याच्या मुलांना त्याचा फटका बसायचा. २०२० मध्ये तो रद्द झाला. आता नांदेडचा मुलगा राज्यभरातल्या जागांसाठी एकाच यादीत असतो. नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथली सरकारी कॉलेजं जुनीच आहेत, त्यात अलीकडे धाराशिव, परभणी, हिंगोलीची भर पडली. हा हक्क सोडून जायचं का, याचा विचार दहावीतच व्हायला हवा.

डॉक्टरकीशिवायच्या वाटा

उस्मानियासारख्या दवाखान्यात एका डॉक्टरमागे नर्स, लॅबवाले, एक्स-रेवाले, भूल विभागातले तंत्रज्ञ, फार्मासिस्ट अशी कितीतरी माणसं राबत असतात. नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून आरोग्य क्षेत्राचं दार बंद होत नाही.

• बीएस्सी नर्सिंग : चार वर्षं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. महाराष्ट्रात राज्य सीईटी सेलची वेगळी परीक्षा आहे.

• जीएनएम : तीन वर्षं. कला शाखेच्या मुलीलाही घेता येतं, बारावीला इंग्रजी मात्र हवं.

• एएनएम : दोन वर्षं, हेही बारावीनंतर. उपकेंद्रावरच्या सिस्टर याच वाटेनं येतात.

• डी.फार्म : दोन वर्षं. बारावी सायन्स, बायोलॉजी किंवा गणित यांपैकी काहीही चालतं. बी.फार्म चार वर्षांचं.

• लॅब, एक्स-रे, डायलिसिस, भूल या विभागांचे तंत्रज्ञ : डिप्लोमा आणि पदवी दोन्ही आहेत. अशा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला आहे.

तेलंगणात सायन्सच्या या गटाला 'बायपीसी' म्हणतात. तिथं दहावीनंतर व्होकेशनल इंटरमध्येच लॅब टेक्निशियन किंवा आरोग्यसेविकेचा कोर्स घेता येतो. ऐकायला सोपं वाटतं, पण नोकरी महाराष्ट्रात करायची असेल तर तो कोर्स इकडे कितपत धरतात, हे आधी विचारा.

पैसे भरण्याआधी एवढं तपासा

१. संस्थेला मान्यता कुणाची? नर्सिंगला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि राज्याची कौन्सिल, फार्मसीला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया. नाव यादीत स्वतः बघा, पाटीवर विश्वास ठेवू नका.

२. नोंदणी कुठे होणार? तेलंगणात नर्सिंग केलं तर पहिली नोंदणी तिथल्या कौन्सिलकडे. महाराष्ट्रात काम करायचं तर मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे वेगळी प्रक्रिया करावी लागते.

३. वय किती? एमबीबीएससाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण हवीत. दाखल्यावरची जन्मतारीख आताच बघून घ्या.

४. यंदाचं माहितीपत्रक वाचलं का? नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. एजंट सांगतो ते आणि माहितीपत्रकात छापलंय ते, दोन्ही समोर ठेवून बघा.

हैदराबादला शिकायला जाऊच नये, असं कुणी म्हणणार नाही. अखिल भारतीय कोट्यात किंवा एम्समध्ये नंबर लागेल एवढी तयारी असेल, किंवा फार्मसी-नर्सिंगकडेच जायचं ठरलं असेल, तर हिशेब वेगळा होतो. सीमाभागातल्या मुलाला मराठी, हिंदी आणि थोडी तेलुगू येते, ती तर दवाखान्यात सोन्यासारखी कामी येते. फक्त दहावीनंतरचा फॉर्म भरताना घरात एक प्रश्न नक्की विचारा : बारावीनंतर हे लेकरू कोणत्या राज्याचं धरलं जाणार? याचं उत्तर कागदावर मिळालं, की मग खुशाल गाडीत बसा.