वृद्ध मातापित्यांचा निर्वाह : उपकार नव्हे, हक्क

उतारवयात आईवडिलांचा सांभाळ करणे हे मुलांचे कर्तव्य होय, हे आपल्या समाजात कोणास शिकवावे लागत नाही. परंतु हे कर्तव्य कायद्यानेही बंधनकारक आहे, ही गोष्ट अनेक वृद्धांना ठाऊक नसते. परिणामी हक्काच्या निर्वाहासाठीही त्यांना मुलांपुढे याचना करावी लागते.

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ अन्वये वृद्ध मातापित्यांच्या पोषणाची जबाबदारी मुलगा व मुलगी या दोघांवर टाकण्यात आली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ने हा हक्क सर्वधर्मीय मातापित्यांना मिळवून दिला. विवाहित मुलगीही या जबाबदारीतून मुक्त नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. १ जुलै २०२४ पासून कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे.

प्रांत कार्यालयात दाद

न्यायालयाची पायरी चढणे वृद्धांना अवघड जाते. म्हणून संसदेने २००७ मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी स्वतंत्र अधिनियम केला. त्यानुसार उपविभागीय अधिकारी, म्हणजेच प्रांत, यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्वतःची मिळकत वा मालमत्ता यांतून निर्वाह चालत नसेल अशा आईवडिलांना हा अधिकार आहे; त्यासाठी वयाची साठ वर्षे पूर्ण झालेली असणे आवश्यक नाही. सावत्र व दत्तक मातापित्यांनाही तो लागू आहे. अर्जदार असमर्थ असल्यास त्याने अधिकृत केलेली व्यक्ती वा संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरण स्वतः होऊनही दखल घेऊ शकते.

अर्जाची नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी ३० दिवसांत, निर्णय व्हावा अशी तरतूद आहे. तत्पूर्वी अंतरिम निर्वाहभत्ताही मंजूर करता येतो. भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. आदेशाचे पालन न करणाऱ्यास कैदही होऊ शकते. कलम १४४ आणि हा अधिनियम यांपैकी कोणत्याही एकाच मार्गाने दाद मागता येते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

सही करण्यापूर्वी

अनेकदा घर किंवा जमीन मुलांच्या नावे झाल्यानंतरच आईवडिलांची आबाळ सुरू होते. अशा प्रसंगासाठी कलम २३ आहे. 'सांभाळ करीन' या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन नंतर सांभाळ नाकारल्यास ते हस्तांतरण न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. मात्र तशी अट होती हे सिद्ध झाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. यास्तव ही अट बक्षीसपत्रातच स्पष्ट शब्दांत नमूद करणे हिताचे. केवळ तोंडी वचनावर विसंबून केलेली सही पुढे महागात पडू शकते.

येथेच सरपंच, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांचे साहाय्य मोलाचे ठरते. बक्षीसपत्रापूर्वी दोन शब्द समजावून सांगणे, निरक्षर वृद्धाचा अर्ज लिहून देणे, त्याला प्रांत कार्यालयापर्यंत सोबत करणे ही कामे लहान असली तरी त्यांवाचून कायदा कागदावरच राहतो. मुलाविरुद्ध अर्ज करणे कोणत्याही आईला सुखाचे नसते. म्हणूनच न्यायाधिकरणाने चौकशीपूर्वी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे सोपवून सामोपचाराचा प्रयत्न करावा, अशीही सोय अधिनियमात आहे. घर न मोडता म्हाताऱ्या माणसाच्या ताटात हक्काची भाकरी पडावी, हेच या कायद्याचे प्रयोजन होय.