डोकं घाला, डोकं धरा!

आजच्या चकाचक व्हीआर हेडसेटच्या खानदानात काही अवली पूर्वज होऊन गेले. त्यांची ही गोष्ट.

दोन पायांवर उभा असलेला लालभडक डबा. पुढून पाहिला तर बर्फात घालतात तसला मोठ्ठा गॉगल आणि मागून काळी रबरी झडप. खुर्ची ओढायची, पाठीत वाकायचं, झडपेत तोंड खुपसायचं आणि कंट्रोलर हातात धरायचा. शेजारी बसलेल्याला तुमची फक्त मान आणि पाठ दिसणार. पोझ म्हणाल तर पापड लाटायला बसलेल्या आजीची!

हा आहे निन्टेन्डोचा 'व्हर्च्युअल बॉय', जन्म १९९५. माझा एक मित्र हिंजवडीत नोकरी करतो आणि जुन्या गॅजेट्सपायी घरच्यांची बोलणी खातो. त्याच्याकडे हे धूड आहे. अमेरिकेतल्या पोस्टिंगवरून परतताना त्याने ते सेकंडहॅण्ड उचललं. मूळ अॅडॅप्टर तिकडच्या विजेवर चालणारा, म्हणून हा पठ्ठ्या सहा पेन्सिल सेल टाकून खेळतो.

आत काय दिसतं? काळाकुट्ट अंधार आणि त्यात लाल. फिका लाल, गडद लाल, आणखी गडद लाल. बस्स, संपले रंग. पण खरं सांगू का, 'वारिओ लॅण्ड' लावला आणि तो जाडा मिशाळ गडी जवळच्या फळीवरून उडी मारून पार मागच्या झाडीत गेला, तेव्हा मधलं अंतर चक्क जाणवलं. लहानपणी व्ह्यू-मास्टरमध्ये चकती घालून ताजमहाल बघितला असेल, तर त्याच मजेचं हे हलतंबोलतं रूप समजा.

'जगातली सर्वांत फ्लॉप गॅजेट्स' छापाच्या याद्यांमध्ये हा व्हर्च्युअल बॉय हमखास असतो. लाल रंगाची टिंगल तर ठरलेलीच. माझं म्हणणं एवढंच, की ही टिंगल चुकीच्या जागी होते. रंग नसण्याने गेम मरत नाही. निन्टेन्डोचाच गेमबॉय हिरवट-करड्या पडद्यावर जगभर धो धो विकला गेला होता! भानगड वेगळीच होती आणि ती एकट्या निन्टेन्डोची नव्हती.

छताला टांगलेलं स्वप्न

डोक्यावर पडदा चढवून दुसऱ्या जगात जायची आयडिया आपण समजतो त्यापेक्षा खूप जुनी आहे. १९६८मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलॅण्ड या संगणकतज्ज्ञाने असं यंत्र करून दाखवलं. त्याला जोडलेली यंत्रणा इतकी अवजड, की ती छताला टांगावी लागली. ऐंशीच्या दशकात जॅरन लॅनिअर या जटाधारी गड्याने 'व्हर्च्युअल रिअॅलिटी' हा शब्द गाजवला. त्याच्या 'व्हीपीएल रिसर्च' या कंपनीने डोक्यावर घालायचा 'आयफोन' विकला. दचकू नका, हा आय म्हणजे डोळा! किंमत मात्र प्रयोगशाळांनाच परवडणारी.

सामान्य पब्लिकला पहिली झलक मिळाली ती ब्रिटनमधल्या लेस्टर शहरातल्या एका कंपनीमुळे. जोनाथन वॉल्डर्न आणि मंडळींची 'व्हर्च्युअॅलिटी' ही मशीन्स १९९१च्या सुमारास आर्केडमध्ये आली. गोल चौथऱ्यावर उभं राहायचं, कमरेभोवती कडं, डोक्यावर जड हेल्मेट, हातात पिस्तूल. सर्वांत गाजलेला गेम 'डॅक्टिल नाइटमेअर'. बुद्धिबळाच्या पटासारखी जमीन, चार जिने आणि समोर तुमच्यासारखाच कुणीतरी हेल्मेटवाला. त्याला टिपायचं. पण फार वेळ एका जागी रेंगाळलात, तर वरून हिरवा टेरोडॅक्टिल झेपावतो, तुम्हाला उचलतो आणि वरून सोडून देतो! आज ती चित्रं बघितली तर रंगीत खोक्यांची रांगोळी वाटते. आत अमिगा ३००० कम्प्युटर आणि सेकंदाला जेमतेम वीसेक फ्रेम्स. तरीही लोक रांगा लावायचे, कारण तोवर मान वळवली की जग वळतं हा अनुभवच कुणी घेतला नव्हता.

मशीनची किंमत मात्र अशी, की घरी न्यायचं नाव नको. हीच गंमत कुणी दिवाणखान्यात आणली तर? नव्वदच्या दशकात गेमिंगवाल्यांची झोप या प्रश्नाने उडवली होती.

सेगाची माघार

१९९३मध्ये सेगाने अमेरिकेतल्या सीईएस या प्रदर्शनात 'सेगा व्हीआर' मांडला. जेनेसिस या त्यांच्या गेम मशीनला जोडायचा हेडसेट, किंमत फक्त २०० डॉलर, मान वळवली की चित्र वळणार. पोरंटोरं खूश, मासिकं खूश. आणि मग... काहीच नाही. १९९४मध्ये प्रोजेक्ट गुंडाळला. कंपनीने दिलेलं कारण ऐकण्यासारखं आहे. म्हणे अनुभव इतका खराखुरा, की खेळणारा भान हरपून धडपडेल! खेळून बघणाऱ्यांना डोकेदुखी आणि मळमळ होत होती हे पुढे बाहेर आलंच.

पीसीवाल्यांसाठीही हेडसेट आले. 'फोर्टे व्हीएफएक्स-१' त्यातला जरा दमदार. किंमत सातशे डॉलरच्या आसपास, सोबत हातात धरायचा 'सायबरपक'. त्यावर 'डिसेंट' खेळणारे हौशी होते, पण मूठभरच.

घाट आणि गाडी लागणं

आता मुद्द्याची गोष्ट. ताम्हिणी घाटात बसमध्ये पुस्तक वाचायला घेतलंय कधी? तिसऱ्या वळणाला पोटात ढवळायला लागतं. डोळे पुस्तकावर, ते सांगतात सगळं स्थिर आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मात्र ओरडतो, अरे आपण गरागरा वळतोय! दोघांचं जुळलं नाही की मेंदू गोंधळतो आणि शिक्षा पोटाला होते. आपण म्हणतो, गाडी लागली.

हेडसेटमध्ये हेच उलटं घडतं. डोळे म्हणतात आपण धावतोय, कान म्हणतो छे, सोफ्यावर बसलोय. त्यात भर उशिराची. मान वळवलीत आणि चित्र क्षणभराने वळलं तरी मेंदू पकडतो. हे अंतर साधारण २० मिलिसेकंदांच्या आत हवं, असा इंजिनीअर लोकांचा ठोकताळा आहे. पापणी लवायलाही त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो! नव्वदच्या दशकातल्या स्वस्त सेन्सर्सना, सावकाश एलसीडी पडद्यांना आणि बिचाऱ्या प्रोसेसरना हे झेपणारच नव्हतं. मॉलच्या फूड कोर्टाशेजारी हलत्या खुर्चीत बसवून हेडसेटमधून रोलर कोस्टर दाखवणारे स्टॉल आपल्याकडे फार नंतर आले. तशा एका स्टॉलवरून उतरल्यावर मी समोरचा डोसा नुसता बघत बसले होते, त्यामुळे ही थिअरी मला पोटापासून पटलेली आहे.

म्हणजे नव्वदच्या दशकातल्या कंपनीपुढे दोनच वाटा होत्या. मान वळवली की जग वळणार हा प्राण ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला गाडी लागू द्यायची, किंवा तो प्राणच काढून घ्यायचा. सेगाने पहिली वाट धरली आणि माल दुकानात नेलाच नाही. निन्टेन्डोने दुसरी धरली आणि नेला.

मिस्टर योकोई

व्हर्च्युअल बॉयमागचा माणूस होता गुनपेई योकोई. ऑफिसात कंटाळलेल्या प्रत्येकाने याची तसबीर डेस्कवर ठेवावी! १९६५मध्ये ते निन्टेन्डोत लागले ते पत्ते बनवणाऱ्या मशीनच्या देखभालीसाठी. फावल्या वेळात त्यांनी लांब होणाऱ्या हाताचं खेळणं बनवलं. ते थेट मालकांच्या नजरेला पडलं आणि ओरडा खायच्या ऐवजी कंपनीने ते बाजारात आणलं. पुढे बुलेट ट्रेनमध्ये एक नोकरदार कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्यांना दिसला आणि त्यातून १९८०मध्ये 'गेम अॅण्ड वॉच' आलं. १९८९मध्ये गेमबॉय. त्यांचा फंडा साधा होता. टेक्नॉलॉजी जुनी, स्वस्त, पचलेली घ्यायची आणि डोकं नवं चालवायचं.

व्हर्च्युअल बॉयही याच फंड्याचं अपत्य. मूळ तंत्र अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या 'रिफ्लेक्शन टेक्नॉलॉजी' या छोट्या कंपनीचं. प्रत्येक डोळ्यासाठी २२४ लाल एलईडींची एकच उभी रांग आणि तिच्यापुढे सेकंदाला पन्नास वेळा थरथरणारा आरसा. आरसा हलतो, रांग पसरते, डोळ्याला पूर्ण चित्र दिसतं. आहे की नाही जुगाड? आणि लालच का, तर लाल एलईडी स्वस्त आणि कमी वीज खाणारा. झगझगीत निळा एलईडी तर १९९३मध्ये नुकताच जपानमध्ये जाहीर झाला होता, आणि २०१४मध्ये निळ्या एलईडीच्या शोधाला फिजिक्सचं नोबेल मिळालं. तो खेळण्यात घालायचा म्हणजे चहाच्या टपरीवर केशर वापरणं!

पण डोक्यावर घालायचं यंत्र सुरक्षिततेच्या धास्तीने टेबलावर उतरलं. मशीन जपानमध्ये बाजारात आलं त्याच महिन्यात तिथे सदोष मालाची जबाबदारी उत्पादकावर टाकणारा कायदाही लागू झाला होता. मग दर पंधरा ते तीस मिनिटांनी खेळ आपोआप थांबवायची सोय आली. सात वर्षांखालच्या मुलांनी वापरू नये अशी सूचना आली. ज्या खेळण्याचा स्वतःवरच एवढा अविश्वास, ते पोराला घेऊन द्यायला कोणती आई तयार होणार? मान वळवून काही होत नव्हतं, मग डोकं आत घालायचंच कशाला, याचंही उत्तर नव्हतं. खोलीचा भास दमदार, पण तो जाहिरातीत दाखवणार कसा? टीव्हीवर सगळं सपाटच. म्हणून अमेरिकेत ब्लॉकबस्टर व्हिडिओच्या दुकानांतून मशीन भाड्याने दिलं गेलं. लोकांनी नेलं, खेळले आणि परत केलं.

आणि एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त खटकते. आपण व्हिडिओ गेम खेळलो ते टीव्हीसमोर फतकल मारून, दुसऱ्या कंट्रोलरसाठी भावाशी मारामारी करून, कॅसेटमध्ये फुंकर मारून. खेळणारा एक आणि आरडाओरडा करणारे चार. व्हर्च्युअल बॉयने त्या चौघांना खोलीबाहेर काढलं. दोन मशीन जोडायचं पोर्ट त्याला होतं, पण केबल कधी बाजारात आलीच नाही!

जपानमध्ये जुलै १९९५, अमेरिकेत ऑगस्ट. तिथली किंमत १७९.९५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सहा हजारांच्या आत-बाहेर. जपानमध्ये डिसेंबरातच गाशा गुंडाळला, अमेरिकेत १९९६मध्ये. एकूण २२ गेम्स, विक्री साधारण पावणेआठ लाख. योकोईंनी ऑगस्ट १९९६मध्ये निन्टेन्डो सोडलं. या अपयशामुळे त्यांना घालवलं असं सर्रास बोललं जातं, त्यांनी स्वतः मात्र ते मानलं नव्हतं. आपली छोटी कंपनी काढून ते पुन्हा हातातल्या साध्यासुध्या गेम मशीनकडे वळले. ४ ऑक्टोबर १९९७ला हायवेवर किरकोळ धडक झाली म्हणून ते गाडीतून उतरले आणि दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. वय ५६. त्यांच्या हातचं 'वंडरस्वॉन' १९९९मध्ये बाजारात आलं, तेव्हा ते नव्हते.

गॅरेजमधला पोरगा

पुढची पंधरा वर्षं व्हीआर म्हणजे चेष्टेचा विषय. कॅलिफोर्नियातला पामर लकी नावाचा पोरगा मात्र लिलावांतून असे टाकाऊ हेडसेट स्वस्तात जमवत होता. ते उघडून बघताना त्याला कळलं, की आता मोबाइलमुळे पडदे आणि सेन्सर स्वस्त झालेत. भिंग साधंच घ्यायचं आणि त्याने वाकलेलं चित्र सॉफ्टवेअरने सरळ करायचं. ऑगस्ट २०१२मध्ये त्याने 'ऑक्युलस रिफ्ट'साठी लोकांकडे अडीच लाख डॉलर मागितले, मिळाले चोवीस लाखांवर. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. २०१४मध्ये फेसबुकने सुमारे दोन अब्ज डॉलरला कंपनी विकत घेतली. योकोईंचा जुनाच फंडा, फक्त यावेळी स्वस्त मालाला वेग होता!

२० मिलिसेकंदांचं गणित त्यानंतर बऱ्यापैकी सुटलं. तरी माझ्या ओळखीत ज्यांनी हौसेने हेडसेट घेतले, त्यातले निम्मे आज कपाटात, चार्जरसकट. वापरात आहेत ते बहुतेक अशा घरांत, जिथे आतलं चित्र टीव्हीवर लावतात. एकजण हवेत हात मारतोय, बाकीचे टीपॉय सरकवतायत, 'अगं भिंत, भिंत!' म्हणून ओरडतायत. आरडाओरडा करणारे चौघे परत आले, की यंत्रात जीव येतो.

विकत घ्यायचा विचार असेल तर आधी कुणाचा तरी मागून पंधरा मिनिटं घालून बघा. बसून खेळायचे गेम आधी, रोलर कोस्टर सर्वांत शेवटी. चष्मा असेल तर तो आत मावतो का तेही बघा. माझा अर्धा उत्साह तिथेच मावळतो.

आणि एक खबर म्हणजे सप्टेंबर २०२५मध्ये निन्टेन्डोने व्हर्च्युअल बॉयचे गेम्स आपल्या 'स्विच'वर परत आणत असल्याचं जाहीर केलं. त्यासाठी तसाच लाल, दोन पायांचा स्टॅण्ड, आत आरसे-एलईडीऐवजी स्विच सरकवायचा. खिसा हलका असणाऱ्यांसाठी पुठ्ठ्याचं मॉडेलही जाहीर झालं. योकोईंना पुठ्ठ्याचंच जास्त आवडलं असतं, असं मला आपलं वाटतं.