कुट्टीचं पातं निघेना? आधी पाना बघा

तायांनो, पावसाळा सरला की गटागटात एकच तक्रार. कडबाकुट्टीचं पातं धारेला काढायचंय, पण बोल्ट गंजून जाम झालाय. मिस्त्री येईपर्यंत जनावरांपुढं अख्खा कडबा.

आपण घरातला स्क्रूपाना लावतो, तिथंच चुकतं. तो ढिला बसतो, सरकतो आणि बोल्टचे कोपरे घासून गोल होतात. मग मिस्त्रीलाही बोल्ट कापावाच लागतो. त्यापेक्षा रिंगपाना घ्या, सहाकोनी मिळाला तर उत्तम. अख्खा सेट कशाला? 8 मिमीच्या बोल्टला साधारण 13 नंबर, 10 ला 17, 12 ला 19. लातूरला गंजगोलाईत जाल (तिथला गंज बाजाराचा बरं का!) तेव्हा जुना नट सोबत न्या, माप चुकत नाही. गटात मिळून एक पाना पुरतो.

आता काम. आधी मोटारीची पिन काढा. बोल्टवर थोडं डिझेल सोडून रात्रभर ठेवा. गोडंतेल नको, ते वाळून चिकटतं. सकाळी डोक्यावर हातोडीनं हलकं ठोका. चाकात लाकूड अडकवा, पात्याला पोतं गुंडाळा. आधी किंचित आवळा, मग उलटं फिरवा. पाना स्वतःकडं ओढा, ढकलू नका. बोल्ट अचानक सुटला तर हात पात्यावर जातो. जोर कमी पडला तर दांड्याला पाइप लावा. लांबी दुप्पट झाली की जोर निम्मा लागतो. झटका मात्र देऊ नका.

बसवताना बोल्ट पुन्हा पुरता आवळलाय का, दोनदा बघा. चालत्या कुट्टीतून सुटलेलं पातं कुणाच्या अंगावर येईल, सांगता येत नाही.