पहिले सुतारकाम : पाट

मित्रांनो, सुतारकाम शिकायचे तर एकदम खुर्ची-टेबलाच्या मागे लागू नये. आधी पाट करावा. एक फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या, झाला पाट! दिसतो सोपा, पण उन्हाळ्यात चिरतो तोही हाच.

का चिरतो? लाकूड ओले असते. पाणी उडाले की ते आकसते. गंमत अशी की लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसते. दोन्ही काठ पट्ट्यांना गच्च ठोकले तर फळीला सरकायला जागाच उरत नाही. मग ती मधोमध तडकते आन् बसणाऱ्याला चिमटा बसतो!

म्हणून फळी आधी काही महिने सावलीत वाळवावी. खाली विटा ठेवाव्या, वारा खेळतो. उन्हात टाकली की टोकांना भेगा पडतात. पट्टी मधोमध घट्ट बसवावी. काठाकडे मात्र पट्टीतले भोक जरा लांबट करून स्क्रू लावावा.

आपल्या मराठवाड्यात बांधावर बाभूळ नि लिंब. बाभूळ फार टणक. पूर्वी सुतार गाडीची चाके, तिफणी तिच्याच करीत आणि सुगीला बलुते नेत. पण शिकणाऱ्याचा खिळा तिच्यात वाकतो. आंबा मऊ, पण लवकर किडतो. लिंब बरा.

आधी गिरमिटाने बारीक भोक, मगच खिळा. करवत, पटाशी मोठे माणूस जवळ असल्याशिवाय धरू नये. (पालकांनी ही ओळ वाचावी.)

शेवटी जवसाचे तेल फडक्याने चोळावे. हाताला तेल लागेनासे झाले की पाट जेवायला मांडावा.