‘सिंधुदुर्ग’ची अक्षरं किती?

मालवणची ट्रिप नेटवरूनच बुक करता ना? मग जावास्क्रिप्टमध्ये येऊ घातलेले बदल तुमच्याही कामाचे आहेत!

एक सोप्पा प्रश्न. ‘सिंधुदुर्ग’ या शब्दात अक्षरं किती? सिं, धु, दु, र्ग. चार! पहिलीतलं पोरही सांगेल. आता हाच प्रश्न जावास्क्रिप्टला विचारा. उत्तर येतं, दहा! वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं ती सुटं सुटं मोजते. ‘मालवण’ उलटं लिहायला सांगा, ती ‘णवलाम’ लिहील. म्हणजे ‘मा’चा काना थेट ‘ल’ला जाऊन चिकटणार. आणि फॉर्ममध्ये नावासाठी नऊचीच जागा असेल, तर किल्ल्याचं नाव ‘सिंधुदुर्’ होऊन बसतं.

आयटीवाल्यांना जावास्क्रिप्ट सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की ब्राउजरमध्ये जे जे उघडतं, मिटतं, फॉर्म भरून घेतं, त्यामागे बहुतेक वेळा हीच भाषा असते. १९९५च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला अवतार दहा दिवसांत लिहिला. घाईत केलेल्या त्या स्वयंपाकाची चव आपण आजही घेतोय.

२४ की २५?

तारकर्लीत मी ज्या काकूंकडे उतरते, त्यांचा निवास-न्याहारीचा व्यवसाय आहे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे त्यांची दिवाळी. न्यू जर्सीतल्या एका मुलाने आईबाबांसाठी त्यांच्या साइटवर २५ डिसेंबरची खोली घेतली. त्याच्या स्क्रीनवर दिसली २४! मग रात्री-बेरात्री फोन, व्हॉट्सॲप आणि एका खोलीवर दोन पार्ट्या येतात की काय, अशी धाकधूक.

भानगड अशी. नुसती तारीख दिली, तरी जावास्क्रिप्टचा जुना ‘डेट’ ती ग्रिनिचची मध्यरात्र धरतो. त्या क्षणी मालवणात पहाटेचे साडेपाच असतात, पण न्यू जर्सीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात. झाली तारीख मागे! दुसरा फंडा तर अजबच आहे. इथे महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी शून्य, तर जून पाच. आकडे सुटे देऊन सहावा महिना, १ तारीख असं लिहिलं, तर १ जूनला सुरू होणारी मासेमारी बंदी साइटवर १ जुलैला सुरू होते. ही खोड जावाच्या तेव्हाच्या ‘डेट’वरून जशीच्या तशी उचललेली.

यावर उपाय म्हणून ‘टेम्पोरल’ हा प्रस्ताव आला. त्यात जून म्हणजे सहाच. आणि ‘घड्याळ नाही, फक्त तारीख’ असा वेगळा प्रकार आहे, त्यामुळे २५ डिसेंबर जगात कुठेही २५च राहतो. मार्च २०२१ मध्ये प्रस्ताव तिसऱ्या पायरीवर पोचला, फायरफॉक्समध्ये मे २०२५ मध्ये आला आणि क्रोममध्ये जानेवारी २०२६ मध्ये.

पायऱ्या चढायच्या कशा?

भाषेत काय यायचं, हे टीसी-३९ नावाची समिती ठरवते. ती एक्मा इंटरनॅशनल या संस्थेची. गूगल, ॲपल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट यांची माणसं तिथे बसतात. मतदान नाही, एकमत लागतं. एकानेही ठाम ‘नाही’ म्हटलं, की गाडी अडते.

शून्य : नुसती कल्पना.
एक : प्रश्न खरा आहे, हे समितीला पटलं.
दोन : आराखडा तयार. (२०२३ पासून पुढे ‘२.७’ अशी चाचण्यांची पायरीही आहे!)
तीन : ब्राउजरवाल्यांनी बनवायला घ्यावं.
चार : दोन ठिकाणी नीट चाललं, भाषेत दाखल.

इतकी सावधगिरी कशाला? कारण जुन्या साइट मोडायच्या नाहीत. २०१८ मध्ये ‘फ्लॅटन’ नावाची सोय येणार होती. पण त्याच नावाचं काहीतरी मूटूल्स या जुन्या लायब्ररीत आधीपासून होतं, आणि चाचणीत एक साइट कोसळली. शेवटी नाव बदलून ‘फ्लॅट’ केलं.

म्हणूनच लांबी मोजणारं जुनं ‘लेंग्थ’ उद्याही ‘सिंधुदुर्ग’ला दहाच म्हणणार. पण शेजारी ‘सेगमेंटर’ नावाची नवी सोय आलीय. क्रोममध्ये २०२० मध्ये, फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ मध्ये. सुरुवातीला तीही ‘र्ग’ तोडून पाच म्हणायची. मग सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोड १५.१ ने देवनागरीतलं जोडाक्षर तोडायचं नाही, असा नियम केला. नवा ब्राउजर आता चार मोजतो. आपल्या पहिलीतल्या पोराएवढा हुशार झाला म्हणायचा!

नारळी पौर्णिमेचं काय?

तारखांच्या बाबतीतही आपण अगदीच उपेक्षित नाही. मराठी मागितलं की जावास्क्रिप्ट तारीख देवनागरी आकड्यांत देते. शके मोजणारी भारताची राष्ट्रीय दिनदर्शिकाही तिला येते. हिब्रू, चिनी, इथिओपियन या दिनदर्शिकाही यादीत आहेत. नाही ती तिथी! नारळी पौर्णिमेला मालवणात समुद्राला नारळ वाहतात, पण ती यंदा कोणत्या तारखेला, हे भाषेला स्वतःहून सांगता येत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणावर इथल्या बोटींचं वेळापत्रक हलतं, आणि त्याचा हिशेब प्रत्येक साइटवाला हाताने घालतो.

तिथीचं गणित किचकट आहे, हे मान्य. पंचांगांचंही आपसात पटत नाही. पण चिनी पंचांगही चंद्रावरच चालतं, आणि ते आत आहे. फरक इतकाच, की त्याचा आग्रह कुणीतरी धरला. टीसी-३९चे प्रस्ताव आणि बैठकांचे वृत्तांत सगळ्यांना वाचायला खुले आहेत. सूचना बाहेरचा माणूसही करू शकतो, फक्त ती समितीत मांडणारा एक सदस्य गाठावा लागतो.

कुडाळ-कणकवलीकडची कितीतरी पोरं आज पुण्यात, हिंजवडीत हीच भाषा लिहून पगार घेतायत. शून्याची पायरी चढायला त्यांच्यातल्या एकाने उठलं तरी पुरे. काय बॉस, कोण उठतंय?