हळद, लस आणि सामान्य अध्ययन

जून २०२२. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेत उमेदवारांसमोर तीन विधानं आली. सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशिल्ड एमआरएनए तंत्रावर बनलेली आहे; स्पुटनिक व्ही वाहक विषाणूवर आधारलेली आहे; कोव्हॅक्सिन निष्क्रिय केलेल्या रोगजंतूपासून बनते. यांतली बरोबर कोणती? बहुतेकांच्या दंडात तोवर यांतलीच एखादी लस टोचली गेली होती.

कोव्हिशिल्ड पुण्याची, हे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण प्रश्न गावाचा नव्हता, तंत्राचा होता. कोव्हिशिल्डमध्ये चिंपांझींत आढळणारा एक अडिनोव्हायरस वापरतात. तो शरीरात वाढू नये असा बदल करून त्यात करोनाच्या काटेरी प्रथिनाचा जनुक बसवलेला असतो. आपल्या पेशी ते प्रथिन बनवतात आणि रोगप्रतिकार यंत्रणा त्याला ओळखायला शिकते. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा विषाणू असतो, पण निष्क्रिय केलेला. तो वेगळा केला पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनं, आणि लस बनवली हैदराबादच्या भारत बायोटेकनं. एमआरएनए लसीत विषाणू नसतोच. असते ती फक्त प्रथिन कसं बनवायचं याची चिठ्ठी. हा फरक ज्याला समजला, त्याला पहिलं विधान खोडताना नोट्सचं पान आठवावं लागत नाही.

त्याच वर्षी मुख्य परीक्षेत लस पुन्हा आली. लसीमागचं मूळ तत्त्व काय, ती काम कशी करते आणि भारतीय उत्पादकांनी कोणते मार्ग वापरले, असा तो प्रश्न होता. विषय एकच, पूर्वला तो पर्याय निवडण्यापुरता होता, मुख्यला समजावून सांगायचा होता.

पूर्व परीक्षेच्या अभ्यासक्रमात या भागाला दोनच शब्द मिळाले आहेत: सामान्य विज्ञान. मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या तिसऱ्या पेपरात तो पसरतो. रोजच्या जगण्यातले तंत्रज्ञानाचे उपयोग आणि परिणाम, भारतीयांची कामगिरी, स्वदेशी तंत्रज्ञान, अवकाश, संगणक, रोबोटिक्स, नॅनो आणि जैवतंत्रज्ञान, बौद्धिक संपदा. ही यादी पाहून कला-वाणिज्य शाखेतून आलेली मुलं धास्तावतात आणि चालू घडामोडींचे गठ्ठे उशाशी घेऊन झोपतात.

आयोगाचे जुने पेपर काढून बसलं तर ही भीती बरीच ओसरते. २०१८ला प्रश्न आला सत्येंद्रनाथ बोस यांच्या सांख्यिकीवर. ते संशोधन १९२४चं. २०२१ला विचारलं गेलं की निळ्या एलईडीच्या शोधानं माणसाचं रोजचं जगणं कसं बदललं. तो शोध १९९०च्या दशकातला, त्याला नोबेल मिळालं २०१४ला. २०२३ला मात्र चांद्रयान-३ आलं, अगदी ताजं. जुनं असो की ताजं, तत्त्व आणि उपयोग दोन्ही ठिकाणी विचारले जातात.

म्हणूनच तयारीची सुरुवात बालभारतीपासून करणं शहाणपणाचं. दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान'च्या पहिल्या भागात गुरुत्वाकर्षण आहे, अवकाश मोहिमा आहेत. दुसऱ्या भागात आनुवंशिकता आणि जैवतंत्रज्ञान. उपग्रह कक्षेत का टिकतो, हे तिथे नीट समजलं तर इस्रोची प्रत्येक बातमी वाचायला सोपी होते.

बौद्धिक संपदेसारखा रुक्ष वाटणारा मुद्दाही एका गोष्टीतून उलगडतो. १९९५ला अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी सीएसआयआर या राष्ट्रीय संशोधन संस्थेचे महासंचालक झाले. संस्थेनं पेटंटला आव्हान दिलं आणि हा उपयोग भारताला आधीपासून माहीत असल्याचे लेखी पुरावे सादर केले. १९९७ला पेटंट रद्द झालं. पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो, हा नियम यानंतर पाठ करावा लागत नाही. पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह देशानं का उभारला, तेही इथेच कळतं. २०१९च्या मुख्य परीक्षेत पारंपरिक औषधज्ञानाचं पेटंटपासून रक्षण सरकार कसं करतं, हे विचारलं गेलं होतं.

मराठी माध्यमाच्या उमेदवाराला आणखी एक ओझं उचलावं लागतं. केंद्राच्या मुख्य परीक्षेची उत्तरं मराठीत लिहिता येतात, पण सामान्य अध्ययनाच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असतात. तांत्रिक संज्ञेपुढे कंसात इंग्रजी शब्द लिहिण्याची मुभा आयोग देतो. ही सवलत खरोखर मोलाची आहे, आणि तिचा उपयोग व्हायचा तर संज्ञांची दुहेरी यादी पहिल्या महिन्यापासून बनवायला हवी. पेपरात तीन तासांत वीस प्रश्न असतात, म्हणजे एकाला नऊ मिनिटं. दहा गुणांचं उत्तर दीडशे शब्दांत बसवायचं असतं. तिथे शब्द शोधत बसायला वेळ नसतो.

वहीचं एक पान कसं दिसावं? हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथची लायगो-इंडिया वेधशाळा घ्या. काय आहे: गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, एप्रिल २०२३मध्ये केंद्राची मंजुरी, खर्च २,६०० कोटी रुपये. कशी चालते: काटकोनातल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून लेझर जातो, लहर आली की भुजांच्या लांबीत अतिसूक्ष्म फरक पडतो. आधी काय घडलं: अमेरिकेतल्या लायगोनं १४ सप्टेंबर २०१५ला पहिली लहर टिपली, २०१७ला त्यासाठी नोबेल मिळालं. भारतीयांचा वाटा: अशा क्षीण लहरी शोधण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत डॉ. संजीव धुरंधर यांनी केलेलं काम. उपयोग: लेझर, निर्वात तंत्रज्ञान आणि अचूक मोजमाप यांतलं कौशल्य देशात वाढेल. पानाच्या खालचा चतकोर भाग कोरा ठेवायचा. वेधशाळेची नवी बातमी येईल तेव्हा ती तिथे, तारखेसह, दोन ओळींत लिहिली जाईल.